तरता वाफा, सरकता बांध

भाजीतलं मला कळतं. पुण्याच्या मंडईत वांगं हातात न घेता आतली अळी ओळखतो, अशी माझी ख्याती आहे आणि ती मी स्वतः कष्टाने पसरवली आहे. त्यामुळे श्रीनगरला दल सरोवरात पहाटे होड्यांवर भाजीबाजार भरतो म्हटल्यावर मी हाउसबोटवाल्याला ठणकावलं, "बागा राहू देत, आधी बाजार!" बायको म्हणाली, "घरी कोथिंबीर आणायची म्हटलं की गुडघे दुखतात ते?" थंडीत माणूस असं काहीबाही बोलतं.

होड्या एकमेकींना खेटून उभ्या. नवलकोल, मुळे, हाक या पालेभाजीच्या जुड्या, चिखलाने माखलेले नद्रू, म्हणजे कमळाचे देठ. फेरनमधले बाप्ये टोकाला उकिडवे बसलेले. या होडीतला ढीग त्या होडीत जातो आणि तिथून शहरातल्या दुकानांत. सगळा घाऊक मामला. मी एका चाचांना मंडईच्या सुरात विचारलं, "पाव किलो नद्रू कितने का?" त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि मागच्या शिकाऱ्याकडे बोट केलं, "केसरवाला उधर है, साब."

मला मात्र खरी गोडी लागली ती भाजीपेक्षा शेतीची. यातली काही शेतं पाण्यावर तरंगतात. लव्हाळी-पाणवनस्पतींचा जाड थर, त्यावर तळातला गाळ, त्यात काकड्या-टोमॅटो. या तरत्या वाफ्याला 'राध' म्हणतात. खुंट्याला बांधला तर राहतो, सोडला तर ओढून नेता येतो. अर्थात चोरताही येतो! वॉल्टर लॉरेन्स या सेटलमेंट कमिशनरने १८९५ च्या आपल्या काश्मीरवरच्या पुस्तकात ही चोरी नोंदवली आहे. जमीन मोजायला आलेल्या माणसाच्या नशिबी रात्रीतून निघून जाणारी जमीन यावी! आमच्या गावी चुलत्यांनी नांगराचं एकेक तास पुढे घेत बांध कोरला, त्याला हयात गेली. दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतायत. इथे एक वल्हं, एक दोर आणि काळोख पुरे. काकड्यांसकट सातबारा पसार! तलाठ्याने पंचनामा करायचा तरी कुठे, पाण्यावर? आमच्या आप्पाकाकांना हे कळलं असतं, तर त्यांनी वडिलोपार्जित विहिरीत शेती केली असती.

हे सगळं बायकोला ऐकवत होतो, तेवढ्यात आमच्यासारख्यांचे आणखी शिकारे घुसले. भाजीच्या होडीला वळायला जागा उरेना. ते चाचा नोटा मोजत होते. बोटांच्या भेगांत काळा गाळ, गारठ्याने नोट सुटेना, ती ते थुंकी लावून सोडवत होते. "चाचा, इकडे बघा ना, स्माइल!" शुद्ध मराठीत आरोळी आली. त्यांनी वर पाहिलं, मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुन्हा आरोळी. समोरचा दुकानदार खोळंबलेला. ऊन वर येईपर्यंत बाजार उठतो. या माणसाची दिवसाची कमाई तेवढ्यातच व्हायची, आणि आम्ही तिच्या आडवे उभे. मला संताप आला. तो नीट व्यक्त करता आला नाही, कारण माझाही मोबाइल त्यांच्यावरच रोखलेला होता आणि फोटो फार सुरेख येत होता.

तुम्ही जाल तेव्हा शिकारा कडेला लावायला सांगा. नद्रू घ्यायचेच असतील तर अख्खी जुडी घ्या. आणि नोटा मोजणाऱ्या माणसाला, कृपा करून, हसायला सांगू नका.