डोंगराला हसवायचं कसं?

मांडवात रुसून बसलेल्या आत्याबाईंनाही मी दोन वाक्यांत हसवतो. ‘मान जरा उजवीकडे, हनुवटी खाली, बघा इकडे’ एवढ्या भांडवलावर आमचा फोटो स्टुडिओ चाललाय. कॅमेरा दुय्यम, धंदा सगळा तोंडाचा. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्यापुढे उभा राहिलो आणि तोंडच बंद पडलं. ‘पोट आत घ्या’ हे तेवढं सांगावं लागलं नाही. कडा मुळातच आत वळलेला.

माझी लाडकी लेन्स पंच्याऐंशी एमएमची. एफ 1.8 वर चेहरा लख्ख, मागचं सगळं धूसर. म्हणजे झाडं, तळी, डोंगर पुसून टाकायचेच आजवर मी पैसे घेत आलो! आता त्यांचीच मनधरणी. एफ 11 लावा, आयएसओ 100 ठेवा, पायाशी असलेल्या गवतापासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ आलं पाहिजे. छिद्र बारीक, त्यामुळे शटर रेंगाळणार, म्हणून ट्रायपॉड हवा, आणि तो पायथ्याच्या पाचनईहून वर आपणच वाहायचा. लग्नात निदान हाताखाली पोरगा असतो. शिवाय जेवण.

उजेडाची तर वेगळीच तऱ्हा. स्टुडिओत सॉफ्टबॉक्स वीतभर सरकवला की नाकाची सावली सरळ होते. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळभर स्वारी सावलीत. इथे लाइट जागचा हलत नाही, पृथ्वी फिरायची वाट बघायची. अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने 1941 साली न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला, तेव्हा त्याला लाइट मीटरच सापडेना. चंद्राच्या तेजाचा आकडा पाठ होता, त्यावरून त्याने एक्स्पोजर ठरवलं. दुसरी निगेटिव्ह घ्यायच्या आत स्मशानातल्या क्रुसांवरचा उजेड गेला. आमच्याकडे नवरदेवाचे डोळे मिटले तर आम्ही हार पुन्हा घालायला लावतो.

पावसाळा सरताना एका सकाळी मात्र नशीब फळफळलं. ऊन पाठीशी, दरीत धुकं, आणि धुक्यावर माझ्या सावलीच्या डोक्याभोवती रंगांचं गोल कडं. इंद्रवज्र! बरोबरचा वाटाड्या हरखला, “साहेब, माझ्या डोक्याभोवती बघा!” मी म्हटलं, “माझ्या!” दोघंही खरे. हे कडं ज्याला त्याला स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं.

“मग माझा काढा ना तसा.”

आता आली पंचाईत. कॅमेरा ज्याच्या डोळ्याला, कडं त्याच्याच सावलीला. माझ्या फोटोत तो कायम कडेलाच राहणार. शेवटी कॅमेरा त्याच्या गळ्यात अडकवला. त्याने एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्याने बटण दाबलं. पोज मी सांगितली नव्हती, तरी झकास आली.

तोच फोटो मोठा करून दुकानात लावलाय. गिऱ्हाईकं कौतुकाने विचारतात, “मधले तुम्हीच ना?”

मी म्हणतो, “बसा, पासपोर्टचा काढायचाय की लग्नाचा?”