मागच्या शेडचा जीर्णोद्धार: वाखनिंगनमधल्या मराठी गृहस्थांसाठी शास्त्रोक्त विधी

कोणत्याही शास्त्रात आधी अधिकारी कोण ते सांगतात, तसे सांगतो. ज्याच्या घरामागे बागेच्या टोकाला विटांची एक ठेंगणी खोली आहे, जिच्यावर करडा पन्हाळी पत्रा आहे, जिचे दार फुगून अर्धेच उघडते आणि जिच्या आतल्या सायकलींपैकी एकही घरातल्या कुणाची नाही, तो या विधीचा अधिकारी. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने अधिकार नसताना फक्त श्रवण करावे आणि घरमालकाला एक नम्र ईमेल धाडावी.

शेडचे कुळ-गोत्र ठाऊक असलेले बरे. दुसऱ्या महायुद्धात, मे १९४० मध्ये आणि पुन्हा १९४४ च्या ऑक्टोबरात, नेदरलँड्समधले हे वाखनिंगन अख्खे रिकामे करावे लागले होते. गावाची पडझड एवढी झाली की इथली पुष्कळ घरे युद्धानंतरची आहेत. त्या काळात घरामागे शेड बांधत ती कोळसा आणि सायकली ठेवायला. पुढे १९५९ मध्ये उत्तरेत ख्रोनिंगन प्रांतात स्लोख्टरेनला नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला, साठच्या दशकात घरोघरी गॅस पोचला आणि कोळसा गेला. शेडची अर्धी नोकरी गेली. तेव्हापासून ती अडगळ सांभाळून आहे, आणि हे काम तिने इमानाने केलेले आहे हे आत डोकावताच कळते.

शेड दिसताक्षणी मराठी गृहस्थाच्या अंगात लक्ष्मणराव किर्लोस्कर संचारतात. बेळगावात १८८८ साली सायकलचे दुकान, १९०३ मध्ये लोखंडी नांगर, १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांच्या मदतीने माळरानावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, हा सगळा इतिहास त्या क्षणी आठवतो. लक्ष्मणरावांना निवडुंगाचा माळ साफ करावा लागला होता, हा तपशील मात्र आठवत नाही. मग वर्कशॉपचे नाव ठरते. नावाची पाटी ठरते. नारळ कुठे मिळेल याची चौकशी होते. सेलमध्ये ड्रिल मशीन येते, पाठोपाठ टेबल सॉ येतो, आणि हे सगळे सामान ज्या छपराखाली ठेवायचे ते छप्पर गळते आहे हे पहिल्या मोठ्या पावसात समजते. नाव, नारळ, हत्यारे आणि शेवटी छप्पर हा आपला परंपरागत क्रम. या देशात तो उलटा धरावा लागतो. पाटी सर्वांत शेवटी.

पहिले कर्म अडगळ-विसर्जन. आदल्या मालकाच्या सायकली, गंजलेली कुंपणाची जाळी, वाळून दगड झालेल्या रंगाचे डबे, हे सगळे नगरपालिकेच्या कचरा संकलन केंद्रावर नेता येते. अवघड असते ती आपली अडगळ. भारतातून आलेल्या सामानाची रिकामी खोकी 'परत जाताना लागतील' म्हणून जपलेली असतात. परत जायचे की नाही हा प्रश्न शेडच्या दारात सोडवू नये. खोकी घरातल्या माळ्यावर चढवावीत आणि पुढे चालू लागावे.

आता छप्पर. इथे विनोद क्षणभर बाजूला ठेवू. नेदरलँड्सने अॅस्बेस्टॉसवर १९९३ मध्ये बंदी घातली. त्याआधीच्या शेडवर करडा, सिमेंटसारखा पन्हाळी पत्रा दिसला की तो अॅस्बेस्टॉस-सिमेंटचा आहे असेच धरून चालावे. अशी सगळी छपरे सक्तीने काढायला लावणारा कायदा २०१९ मध्ये संसदेच्या वरच्या सभागृहाने फेटाळला, त्यामुळे पत्रा जागेवर असणे गुन्हा नाही. तो फोडणे, कापणे किंवा त्यात भोक पाडणे मात्र फुप्फुसाशी वैर आहे, कारण तंतू सुटतात ते त्याच वेळी. राहत्या घराच्या शेडवरचे, स्क्रूने बसवलेले, धड स्थितीतले, ३५ चौरस मीटरपर्यंतचे पत्रे मालकाला स्वतः उतरवता येतात, पण आधी नगरपालिकेला कळवावे लागते. पत्रा ओला करावा, स्क्रू सोडवावेत, अख्खा पत्रा अलगद खाली घ्यावा, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून संकलन केंद्रावर द्यावा. मुखपट्टी साध्या कापडाची चालत नाही, पी-थ्री दर्जाची लागते. पत्रे झिजलेले किंवा तडकलेले असतील तर प्रमाणित कंपनीलाच बोलवावे.

या टप्प्यावर सांगलीहून व्हिडिओ कॉलवर बाबा हमखास म्हणतात, "अरे, आपल्या गोठ्यावर चाळीस वर्षं तेच पत्रे आहेत, म्हशीला काही झालं नाही." वाद घालू नये. भारतात असे पत्रे अजूनही दुकानात मिळतात, त्यामुळे बाबांची बाजू वस्तुस्थितीला धरून आहे. म्हशीच्या छातीचा एक्स-रे कुणी काढला नव्हता एवढे मनात म्हणावे आणि मुखपट्टीची ऑर्डर द्यावी.

छपराला हात लावण्यापूर्वी वळचणीत कोण राहते तेही पाहावे. चिमणीचे घरटे इथे वर्षभर संरक्षित आहे, पिल्ले असोत वा नसोत. वटवाघळांनाही कायद्याचे कवच आहे. चिमण्या निघाल्या तर काम थांबते आणि तज्ज्ञाला विचारावे लागते. आपण ज्यांना शेडमधले भाडेकरू समजत होतो ते कायद्याच्या दृष्टीने आपल्याहून पक्के रहिवासी निघतात. निमूटपणे मान्य करावे.

नवे छप्पर घालताना आणखी एका ग्रंथाचे पारायण हवे, तो म्हणजे डच दिवाणी संहिता. तिच्यातल्या शेजारधर्माच्या कलमांप्रमाणे आपल्या छपराचे पाणी शेजाऱ्याच्या जमिनीवर पडता कामा नये. हद्दीपासून दोन मीटरच्या आत त्याच्या अंगणात डोकावणारी खिडकीही त्याच्या संमतीवाचून काढता येत नाही. कोकणात पागोळ्यांवरून पिढ्यान्पिढ्यांची भांडणे चालतात आणि त्यावर वकिलांची मुले शिकून मोठी होतात. इथे त्याच भांडणाला कलम क्रमांक आहे. उपाय एकच: काम काढण्याआधी शेजाऱ्याला, म्हणजे आपल्या बूरमानला, कॉफीला बोलवावे. कॉफीबरोबर एक बिस्किट पुढे करून डबा बंद करण्याची इथली रीत आहे. आपण डबा उघडाच ठेवावा आणि शेजारी चकलीही मांडावी. चकली खाल्लेला माणूस खिडकीला सहसा हरकत घेत नाही. ऐन रविवारी सकाळी ड्रिल लावले तर चकलीचा प्रभाव उतरतो.

परवान्याबद्दल थोडक्यात. १ जानेवारी २०२४ पासून नवा पर्यावरण व नियोजन कायदा लागू आहे आणि सगळी चौकशी एकाच सरकारी संकेतस्थळावर होते. असलेल्या शेडच्या साध्या दुरुस्तीला बहुधा परवाना लागत नाही. उंची वाढवायची, पसारा वाढवायचा किंवा घर जुन्या संरक्षित वस्तीत असेल, तर आधी विचारून घ्यावे.

आता जमीन, आणि इथे वाखनिंगनकर गृहस्थ खरोखर भाग्यवान. हे गाव अशा जागी वसले आहे की एका टोकाला हिमयुगातल्या बर्फाने रेटून वर आणलेली वाळूची टेकडी आहे, दुसऱ्या टोकाला बिनेनफेल्डची ओलसर सखल जमीन, आणि दक्षिणेला र्‍हाइनची चिकणमाती. टेकडीवरच्या शेडखाली पाणी झिरपून जाते. सखल भागातल्या शेडखाली ते मुक्कामाला असते. १८५५ मध्ये ग्रेबेडाइक हा बांध फुटून पाणी खोऱ्यात दूरवर पसरले होते, तेव्हा जमिनीने आपला स्वभाव लपवून ठेवलेला नाही. याच गावात जगभरातल्या मातीचे उभे छेद मांडलेले जागतिक मृदा संग्रहालय आहे. शेडच्या फरशीला हात घालण्यापूर्वी तिथे एक फेरी मारावी. फरशीखाली खणताना काय लागेल याचा अंदाज येतो, आणि पाहुणे आले की त्यांना कुठे न्यावे हा प्रश्नही सुटतो. दरवेळी हॉटेल दे वेरेल्डपुढे उभे राहून १९४५ च्या मे महिन्यात जर्मनांच्या शरणागतीची बोलणी इथे झाली होती हे सांगण्याचा कंटाळा येतोच.

फरशी बहुधा वाळूवर मांडलेल्या तीस बाय तीसच्या सिमेंट लाद्यांची असते. ती एकदम काँक्रीटने बुजवण्याचा मोह आवरावा. लाद्या काढाव्यात, वाळू दाबून पाणसळीने सारखी करावी, जाड प्लास्टिकचा थर घालावा आणि मग वर हवे ते करावे. ओल खालून येते. तिला वाट मिळाली नाही तर ती भिंतीतून चढते.

भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटरची. तिच्यात पोकळी नाही, अंगात ऊब नाही. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असेल तर दर्जा चुन्यानेच भराव्यात. नुसत्या सिमेंटने भरल्या तर ओलीला बाहेर पडायला फक्त वीट उरते आणि थंडीत गोठलेले पाणी विटेचा पापुद्रा उडवते. आतून चकचकीत प्लास्टिक रंग मारण्याचा सल्ला दुकानात मिळतो. तो ऐकू नये. त्या रंगामागे ओल कोंडते आणि वर्षभरात भिंतीला जे नकाशे उमटतात ते पाहून मुलांचा भूगोल पक्का होतो, एवढाच फायदा. छताला आतून ऊब राखणारे पत्रे लावायचे असतील तर बाष्प अडवणारा पडदा उबदार बाजूला, म्हणजे आतल्या अंगाला यावा. उलटा लावला तर घाम छतालाच सुटतो.

कोकणातल्या माणसाला ओल शिकवणे म्हणजे आगाऊपणा, हे मान्य आहे. पण कोकणात झड चार महिन्यांची असते आणि नंतर कडक ऊन सगळे वाळवून टाकते. इथला हिवाळा धो धो कोसळत नाही, नुसता दमट राहतो, आणि उन्हाची रदबदली होत नाही. रंधा, पटाशी, कानस, करवत यांना गंज चढतो तो याच काळात. म्हणून शेड गरम करायला रॉकेलचा स्टोव्ह पेटवू नये: एक लिटर रॉकेल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडते. आपण हत्यारे शेकतो आहोत अशी समजूत असते आणि प्रत्यक्षात त्यांना आंघोळ घालत असतो. त्यापेक्षा छोटा विजेचा हीटर आणि खेळती हवा बरी. बंद खोलीत स्टोव्हच्या धुराचा धोका असतो तो वेगळाच.

वीज. घरापासून शेडपर्यंत चिलखती केबल, जमिनीखाली साधारण साठ सेंटिमीटर, आणि तीस मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून, तो पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळून, वर विटेचा तुकडा ठेवण्याची जी पद्धत आपण गणपतीच्या मांडवात आत्मसात केली आहे ती इथे वापरू नये. मांडवाला गणपतीचे संरक्षण असते. उजेडाचा विचार मात्र सढळ हाताने करावा, कारण डिसेंबरात साडेचारच्या आसपास सूर्य मावळतो. हद्दीवरच्या भिंतीत खिडकी नसली तरी छपरात उत्तरेकडे काचेचा झरोका ठेवता येतो. उत्तरेच्या उजेडात सावली कमी पडते आणि गुण्या खरा दिसतो.

मनुष्यबळाबद्दल दोन शब्द. 'गवंडी नाही का मिळत?' असे भारतातून विचारले जाते. मिळतो. पण तो येतो त्याच्या सोयीने, बिल पाठवतो आपल्या गैरसोयीने, आणि त्यावर एकवीस टक्के कर असतो. दोन वर्षांहून जुन्या राहत्या घराच्या रंगकामाला आणि प्लास्टरला नऊ टक्क्यांचा सवलतीचा दर आहे. त्यामुळे इंजिनिअर, डॉक्टर, मृदाशास्त्रज्ञ सगळेच कधी ना कधी हातात थापी धरतात. या देशाने आपल्या सुशिक्षित वर्गाला जे शिकवले त्यात ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. डचांनी सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वखार उभारली, तिथून माल हलवला आणि निघून गेले. त्या वखारीच्या भिंतींवर आज झाडे उगवली आहेत. त्यांच्या कोळशाच्या खोलीतल्या दर्जा आपण गुडघ्यावर बसून भरतो आहोत, याची नोंद कुठेतरी व्हावी.

मग हत्यारे. वर्कबेंच नवे घेऊ नये. उन्हाळ्यात विद्यार्थी गाव सोडतात तेव्हा जाड लाकडी टेबले फुटकळ भावात मिळतात. भिंतीवर लाकडाची पट्टी ठोकून हत्यारे टांगावीत, जमिनीवर काही ठेवू नये. ड्रिलचा मूळ डबा टाकून द्यावा. हे मराठी माणसाला सर्वांत जड जाते, कारण डबा असला की वस्तू नवी राहते अशी आपली श्रद्धा आहे.

मुदत खंडेनवमीची ठेवावी. दिवाळीपर्यंत म्हटले की पुढच्या दिवाळीवर जाते. खंडेनवमी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात येते, आणि तेव्हाच पानगळ सुरू होऊन पन्हळी तुंबतात. म्हणून पूजेच्या सकाळी आधी शिडी लावून पन्हळ साफ करावी, मग शिडीलाही हळदकुंकू वाहावे. झेंडूची फुले महाग पडतात, तेव्हा बागेतला एखादा शेवंतीचा तुरा चालतो. रंध्याला, करवतीला, ड्रिलच्या चार्जरलासुद्धा फूल वाहून आरती म्हणावी. बूरमान कुंपणावरून पाहत असेल तर त्याच्याकडून त्याचा हातोडा मागून घेऊन तोही पाटावर मांडावा, तो खूश होतो.

प्रसाद मात्र शेडमध्ये ठेवू नये, उंदीर येतात. उंदरांना कायद्याचे काही संरक्षण नाही. पिंजरा लावायचा कुणी, हे घरात आधीच ठरवून घ्यावे.