कुंपणावरून ‘कलम’

(काटेवाडी. तारेच्या कुंपणावर गोधडी वाळत घातलेली. अलीकडं आक्का, पलीकडं वैनी. ऐकणारा मी, न बोलावलेला.)

“वैनी, लग्नाची पत्रिका बघितलीस का वरच्या आळीची? मला वाटलं, छपाईला पैसे उरले न्हाईत म्हणून पोरानं पेनानंच लिहिली.”

“पेन न्हाई हो आक्का, फाँट हाय त्यो. आमचा थोरला बारामतीत डीटीपी करतो ना, त्यानं सांगितलं. ‘कलम’ म्हणत्यात त्याला. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा, २०१४ सालचा. गूगलवर फुकट मिळतो.”

“फुकट! मग झालंच. गावभर तोच दिसणार.”

“दिसतोयच की. जावळाच्या कार्डावर, बचत गटाच्या शेवयांच्या पुड्यावर. अक्षरं कशी बघा, वारं सुटल्यावर ऊस कलतो तशी एका अंगाला. आन् ह्यो ‘म’. छापील ‘म’ला डावीकडं पोकळ गाठ असती. इथं पोकळी न्हाईच, भरीव फराटा. घाईत लिवताना आपलं होतं, तसंच.”

“व्हय, पण ‘मामा-मामी’तले चारही ‘म’ हुबेहूब एकसारखे. आमच्या मामंजींच्या हातचे दोन ‘म’ जन्मात जुळले न्हाईत.”

“बारशाच्या कार्डाला थोरल्यानं ‘मोदक’ घेतला होता. मुंबईच्या एक टाइपचा. अक्षरं इतकी फुगलेली, की आतली पोकळी म्हंजे नुसती रेघ.”

“वाचता येतं का पण?”

“मोठं छापलं तर. बारीक केलं की सगळा गोळा.”

“बारशाला शोभतं गं. पण परवा दहाव्याचा संदेश आला मोबाईलवर, त्योबी असाच पेनानं लिवल्यासारखा! ‘शोकाकुल’ म्हणं, आन् अक्षर वाढदिवसाचं.”

(इथं मी आक्कांच्या बाजूचा. लाडिक अक्षरात दुःख कळवू नये.)

“आक्का, ह्या पत्रिकेत ‘शुभमंगल’ नीट बघा. ‘श’ आन् ‘ल’ दोन्ही हिंदी वळणाचे पडलेत. देठाचा ‘श’, पाकळीचा ‘ल’ असं सरकारनं २००९ सालीच ठरवून दिलंय. छापायच्या आधी कुणीतरी बघायला नको?”

“नवऱ्याच्या बापानं पत्रिकेत जेवणाची वेळ तेवढी बघितली असंल! बरं, तुकोबांच्या पालखीच्या फलकाला काय घेणार?”

“‘कलम’ तिथं चालायचं न्हाई. मेंढ्यांचं रिंगण, धोतरांच्या पायघड्या, केवढी गर्दी! रस्त्यापल्याडनं वाचता आलं पाहिजे. थोरला म्हणतो, ‘यात्रा’ घ्या. मुंबईच्या लोकल स्टेशनांवर हातानं रंगवलेल्या पाट्या असायच्या ना, त्या बघून कॅथरीन श्मिट नावाच्या बाईनं केलाय त्यो. ठसठशीत, ब्रशचा.”

“मग फलक तुमचा थोरलाच करतोय म्हण.”

“करतोय, पण पैसे आधी घेणार. मागल्या फ्लेक्सचे अजून आले न्हाईत.”

“कुणी बुडवले गं?”

“हळू बोला! गोठ्यात उभे हाईत ते.”