रावसाहेबांचे आज्ञापत्र

जिल्ह्यातील सर्वाधिक पाऊस ज्या तालुक्याच्या शिरावर कोसळतो त्या गगनबावड्यात, चातुर्मास घरात कोंडून काढलेला मनुष्य थंडी पडताच अंगणात येतो. आणि तो महसूल खात्यातून निवृत्त झालेला असेल, तर येताना दौत, टाक आणि कागद घेऊन येतो. आमचे रावसाहेब याच जातीचे. गगनगडावरचे धुके विरू लागले की पडवीत बैठक मारून ते ‘अल्पकष्टसाध्य फुलपाखरू-उद्याना’ची योजना मांडावयास बसतात. कष्ट वाचविण्यासाठी किती कष्ट उपसावेत याला त्यांच्यापाशी धरबंध नाही. मार्गशीर्षात नकाशा, पौषात अंदाजपत्रक आणि माघात त्या अंदाजपत्रकावर त्यांच्याच हातचे हरकतीचे शेरे, असा क्रम चालतो. कुदळ मात्र मृग बरसून जमिनीचा चिखल होईतो खुंटीवरून खाली उतरत नाही.

त्यांचे ज्ञान मात्र अस्सल. नीलवंत ऊर्फ राणी पाकोळीला २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तिची मादी लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालते. केशरी कडव्या फुलपाखराला रुई हवी, हळदीकुंकवाला बांडगूळ. नर ओल्या मातीतून क्षार शोषतात, सबब आडाच्या काठाशी ओल राखावी: हे सर्व त्यांनी कलमवार नमूद केले आहे.

घोडे अडले ते निराळ्याच ठिकाणी. परसातील लिंबाच्या पानांवर, पाखराच्या विष्ठेचे हुबेहूब सोंग घेतलेल्या अळ्या आढळताच रावसाहेबांनी तत्काळ पंचनामा केला: ‘पाने कुरतडलेली, आरोपी जागेवर हजर, जबाब देण्यास नकार.’ हेच आरोपी पुढे हिरवे होऊन, कोशात जाऊन, नीलवंत म्हणून बाहेर पडणार, हे ध्यानी येताच त्यांची अवस्था वसूल हवा पण कूळ नको म्हणणाऱ्या जहागीरदारासारखी झाली.

तोड सुचली ती स्थानमाहात्म्यामुळे. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त रयतेच्या झाडांना हात लावू नये अशी सक्त ताकीद आहे. त्या आधारावर रावसाहेबांनी स्वतःचे आज्ञापत्र तयार केले: सदर लिंबू सुरवंटांस वंशपरंपरेने इनाम करून दिला असे, तरी कोणी उपसर्ग न करणे. साक्षीसाठी कागद काकूंपुढे ठेवला.

काकूंनी तो चष्मा लावून अखेरपर्यंत वाचला. “अहो, झाड मी लावलं लोणच्यासाठी, आणि इनाम तुम्ही देताय? अमात्यांनी तर धन्याला राजी करून, पैसे मोजून मगच झाड तोडा म्हटलंय. मला विचारलंत?”

रावसाहेब निरुत्तर झाले. आपलाच दाखला आपल्यावर उलटण्याचा प्रसंग त्यांच्यावर साऱ्या नोकरीत आला नव्हता.

“खालच्या फांद्या त्यांच्या, वरच्या माझ्या. अर्धेलीनं द्या,” काकूंनी निवाडा दिला.

फेरफार तत्काळ मंजूर झाला. संपूर्ण योजनेत प्रत्यक्ष अमलात आलेले हे एकमेव कलम. आणि त्यापायी कुदळीला हातही लावावा न लागल्यामुळे, ‘अल्पकष्टसाध्य हे विशेषण अनुभवाने सिद्ध’ असा शेरा रावसाहेबांनी समासात मारला. झाडाला पाणी घालण्याचे काम पूर्ववत काकूंकडे राहील, अशी तळटीपही ओघाने आलीच.