ब्रा कशी विकत घ्यावी : नवशिक्यांसाठी

प्रथम दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर उभं राहून, नको असलेल्या गाऊनचे भाव विचारावेत. मग आत जाऊन 'ते' हवंय म्हणावं. काउंटरवरचे काका पंख्याकडे बघत "साईज?" विचारतील. तेव्हा कॉलेजपासून चालत आलेला आकडा पुटपुटायचा. मधे लग्न, बाळंतपण, थायरॉईड असं बरंच काही झालं, पण आकडा वंशपरंपरागत असल्यासारखा तोच. काका म्हणतील, "34 संपलीय, 36 न्या ताई, धुतली की बसते." धुऊन इलॅस्टिक सैल पडतं, आवळत नाही. पण त्यावर वाद घालायचा तर तो शब्द मोठ्यानं उच्चारावा लागेल. त्यापेक्षा काळी पिशवी घ्यावी आणि निघावं.

दुसरी पद्धत जरा निर्लज्ज आहे. दार लावून शिवणाच्या डब्यातली टेप काढावी. स्तनांच्या लगेच खाली, श्वास सोडून, घट्ट माप घ्यावं. मग सर्वांत भरल्या भागावरून, न आवळता. दोन्ही सेंटीमीटरमध्ये. खालचं 75 आलं तर आपला आकडा 34. ब्राच्या बऱ्याच डब्यांवर हे 75 बारीक अक्षरांत छापलेलं असतं, पण डबा वाचायला थांबतंय कोण! वरचं 90 आलं तर फरक 15. साधारण 12 ते 14 फरकाला ए, पुढे दर 2 सेंटीमीटरला एक अक्षर. म्हणजे आपण बी. डी ऐकून ज्यांच्या भुवया उंचावतात, त्यांनी लक्षात घ्यावं की डी म्हणजे 18 ते 20 सेंटीमीटरचा फरक, चारित्र्याचा दाखला नव्हे.

घालून बघू देणारं दुकान मिळालं तर नशीबच. नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर नीट बसायला हवी. आतले हूक इलॅस्टिक थकल्यावर लागतात. मग खांद्यावरचे पट्टे उतरवावेत. ब्रा जागची हलली नाही तर उत्तम. बहुतेक भार पाठीभोवतीच्या पट्टीनं पेलायचा असतो. खांद्यावर खाचा पडतात आणि मागची पट्टी मानेकडे चढू लागते, तेव्हा बायका पट्टे आणखी आवळतात. चूक पट्टीची, शिक्षा खांद्यांना. कप बरोबर आणि पट्टी सैल असेल तर 34 बी ऐवजी 32 सी मागावी, कप तेवढाच मिळतो. काकांना हे सांगितलंत तर ते प्रथमच पंख्यावरून नजर काढतील.

वाळत घालण्याचं वेगळं शिक्षण लागत नाही. परकराखाली, तोही घरातल्या पुरुषांच्या नजरेआड. कडक उन्हानं इलॅस्टिक लवकर मरतं, तेव्हा सावलीपुरती आपली लाज शास्त्रशुद्ध आहे. फक्त परकराखाली वारा लागत नाही, आणि जुलैमध्ये त्या ओलसर कपड्यानं काखेखाली जे पुरळ उठतं, ते दाखवायला लेडी डॉक्टरच शोधावी लागते.