भावना दुखावल्या नाहीत, पैसे परत द्या

कळंबच्या एका निवृत्त वाचकांची तक्रार आमच्याकडे आली आहे. तक्रार गंभीर आहे. अश्लील म्हणून एकेकाळी कोर्टाने नष्ट करायला सांगितलेली कादंबरी त्यांनी नालासोपाऱ्याच्या रद्दीवाल्याकडून चढ्या भावाने घेतली (रद्दीवाल्यालाही बंदीचं मोल कळतं), दुपारची झोप मोडून वाचली, आणि भावना काही केल्या दुखावल्या नाहीत. सबब पैसे परत मिळावेत.

कादंबरी चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा'. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात ती आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता आणि श्यामा. एवढ्या भांडवलावर भारतीय दंड संहितेचं कलम २९२ लागलं. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला २५ रुपये दंड केला, तो न भरल्यास आठवडाभर साधी कैद. शिवाय हाताशी असलेल्या प्रती नष्ट करायच्या. अख्ख्या तरुण पिढीचं अधःपतन आणि त्याची किंमत २५ रुपये! अधःपतन इतकं स्वस्त मराठी माणसाला पुन्हा कधी मिळालं नाही.

काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट १९६९मध्ये निर्दोष सुटले. पण सोडता सोडता न्यायमूर्तींनी कादंबरीचं परीक्षणही केलं. लेखनाचा वाङ्मयीन दर्जा उच्च नसेल, ते अपरिपक्व असेल, अभिरुचीही बरी नसेल, पण अश्लील नाही, असा एकूण सूर. मराठीत परीक्षण म्हणजे 'वाचनीय', 'संग्राह्य' आणि शेवटी मुखपृष्ठाचं कौतुक. इतकं रोखठोक परीक्षण काकोडकरांना मिळालं ते थेट दिल्लीहून, आणि त्यावर अपीलही नाही. लैंगिक उल्लेख आला म्हणून कादंबरी वर्ज्य ठरवायची तर वयात येणाऱ्या मुलांनी निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावीत की काय, असंही कोर्टाने विचारलं. आमच्या तक्रारदारांनी निर्मळच्या जत्रेतली कीर्तनं लहानपणापासून ऐकली आहेत. ते म्हणतात, धार्मिक पुस्तकांबद्दल न्यायमूर्तींनी एवढी खात्री धरायला नको होती.

त्याच १९६९ साली काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' आला आणि राजेश खन्ना-मुमताजसाठी थिएटरं भरून वाहू लागली. समाज बुडायचा राहिलाच.

तक्रारदारांनी पुरावा म्हणून प्रत सोबत पाठवली आहे. कादंबरीपेक्षा तिचे समासच जास्त वाचण्यासारखे आहेत. एका जुन्या वाचकाने लाल पेन्सिलीने लिहिलं आहे : 'अश्लील!' दोन पानांनंतर : 'हेही!' त्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या हस्ताक्षरात, कुणीतरी कळवळून विचारलं आहे : 'कुठे?' लाल पेन्सिलीने बाण काढून जागा दाखवली आहे. निळ्या शाईचं समाधान झालेलं दिसत नाही, कारण पुढे नुसतीच प्रश्नचिन्हं आहेत. आमच्या तक्रारदारांनी शिसपेन्सिलीने भर घातली आहे : 'मीही शोधतो आहे.'

शोधण्यासाठी त्यांना रविवारी घरात बसावं लागतं. बाहेर कळंबच्या किनाऱ्यावर मुंबईची गर्दी, सुरूच्या सावलीत जोडपी, रिसॉर्टांतून घुमणारी गाणी. त्या गाण्यांचे शब्द कान देऊन ऐकले, तर निशिकांत बिचारा भजनी मंडळातला वाटेल. पण गाण्यांबद्दल तक्रार करायला जावं, तर पोरंबाळं घरचीच निघतात. १९६२चा कवी बरा, तो उलट बोलत नाही.

तरी त्या लाल पेन्सिलवाल्याबद्दल आम्हाला आदर वाटतो. त्याने निदान ओळ न् ओळ वाचली. २०१०मध्ये रोहिंटन मिस्त्रींची 'सच अ लाँग जर्नी' मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून ज्या वेगाने गेली, त्या वेगाने प्रस्तावनासुद्धा वाचून होत नाही. सलमान रश्दींच्या 'सॅटॅनिक व्हर्सेस'ची गंमत तर त्याहून मोठी. १९८८मध्ये तिच्या आयातीवर बंदी आली. नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कळलं की बंदीची अधिसूचनाच सरकारला सापडत नाही. मग न्यायालयाने ती अस्तित्वातच नाही असं धरलं. पुस्तक कुणी वाचलं नव्हतं हे समजू शकतं, पण छत्तीस वर्षं बंदीचा कागदही कुणी वाचला नाही!

म्हणून सरकारला विनंती. कलम २९२ जाऊन आता भारतीय न्याय संहितेचं २९४ आलं आहे, नवे नमुने छापलेच जाणार. त्यात एक रकाना वाढवावा. पुस्तकावर बंदी मागणाऱ्याने ते शेवटपर्यंत वाचल्याचा दाखला जोडावा. तलाठ्याचा चालेल, फक्त दाखला देण्याआधी तलाठ्याने दोन प्रश्न विचारावेत. कळंबच्या तक्रारदारांचे पैसे मात्र परत मिळणार नाहीत. त्यांनी कादंबरी पूर्ण वाचली आहे.