ऐच्छिक देणगी
ऑकलंडच्या बॉटनी डाउन्समध्ये स्थायिक झालेल्या मराठी गृहस्थास, १८७७ च्या कायद्यापासून न्यूझीलंडमध्ये प्राथमिक शिक्षण विनामूल्य आहे हे ऐकून होणारा परमानंद, ‘ऐच्छिक देणगी’चे रकमेसह छापलेले शाळेचे मागणीपत्र हाती पडेपर्यंतच टिकतो. कर भरून झाल्यावर दान द्यावे आणि त्या दानाचा एक तृतीयांश करखात्याकडे अर्ज करून परत मिळवावा, अशी ही सुबक तजवीज! कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. इथे दंड बसतो तो नामांकित शाळेच्या प्रवेश-हद्दीत घर घेणाऱ्यास, आणि तो गृहकर्जाच्या हप्त्यांतून बिनतक्रार वसूल होतो. निपुत्रिक शेजारी शाळांवरील सरकारी खर्चाच्या नावाने बोटे मोडतो खरा. पण घर विकायला काढताना जाहिरातीत पहिली ओळ शाळेचीच घालतो.